सावली पडू द्यायची नाही

फ्रेडेरिका आज नखशिखांत काळी.
काळा शर्ट, काळी पँट, टोपीसुद्धा.
"कोण गेलं?" गाडीवरून ओटिलीनं विचारलं,
गाढवाला न थांबवताच.
कुणी नाही, आई. नियम आहे तसा.
कपड्यांचा रंग खड्यांवर सांडला
तर मोजमाप खोटं पडतं.

नामिबचा माळ. खडे, खडे आणि मधूनच
एखादा खडा, जो तिला ओळखीचा वाटतो.
धुकं अजून कुइसेबच्या पात्रात लोळत होतं,
जिथं नदी वर्षातून एखादा आठवडा नदी असते.

तिनं तिवई रोवली. पेटी उघडून काढली पांढरी फरशी,
दुधाहून, मिठाहून पांढरी,
बोट लागलं तरी विटाळणारी.
आधी फरशी, मग खडे, मग पुन्हा फरशी.
पाच पावलं. थांबायचं. तोंड सूर्याकडे.
सावली पडू द्यायची नाही.

वर साडेसहाशे किलोमीटरवर
उपग्रह उत्तरेकडून निघालाय.
इथं जमिनीवर ती जे मोजेल
त्यावरून ठरणार त्याचं खरं-खोटं;
म्हणजे एवढ्या मोठ्या डोळ्याला
रोजचं पथ्य सांगणारी ही एक बाई,
ओठ फुटलेले, खिशात अर्धी पोळी.

त्याला जे दिसतं त्याला नावं नाहीत.
आपण तरी किती मोजणार?
अबोली, आमसुली, मोतिया, चिंतामणी, गुलबक्षी,
साडीच्या दुकानातला सगळ्यात बोलका माणूसही
चाळिसाच्या आसपास दमतो.
याच्यापाशी दोनशे चोवीस, नुसत्या आकड्यांनी ओळखायचे,
त्यातले निम्म्याहून जास्त आपल्या लेखी काळोख.
त्या काळोखात चुना निराळा, अभ्रक निराळं,
तहानलेलं झुडूप निराळं
आणि तहान लपवणारं निराळं.

ओटिली निघाली होती नाराची फळं आणायला.
'नारा' मी लिहिलं खरं, पण तिच्या तोंडी
त्याआधी जीभ टाळूवरून सुटते,
बुधल्याचं बूच निघावं तशी.
त्या आवाजाला माझ्या लिपीत घर नाही.
उपग्रहाच्याही वहीत असे दोन-तीन रकाने कोरे:
तेवढा प्रकाश हवेतली वाफ
वाटेतच पिऊन टाकते.

दहा वाजून छत्तीस.
"पूर्वेकडची झुडपं यंदा रुसलीत,"
ओटिली सांगत आली,
"काटे मऊ लागतायत हाताला."
आणि सरळ चौकोनात शिरली,
गाडी, गाढव, डोक्याला पिवळा रुमाल,
हातात लेकीसाठी वाळवलेल्या गराची चकती.
"आई, बाहेर! बाहेर हो!"
"अगं, खाऊन तरी घे."
दहा सदतीस.
पापणी लवायच्या आत तो माळ ओलांडून गेला.

चौथ्या दिवशी आकडे उतरले.
फ्रेडेरिकानं तो चौकोन उघडला,
तीस मीटर बाय तीस मीटर,
आणि पिवळा रुमाल शोधत बसली,
खरं तर शोधायचं काही कारण नव्हतं.
नव्हता. आई त्या चौकोनाचा हजारावा हिस्साही नव्हे,
यंत्राची नेहमीची थरथर तिच्याहून मोठी.
पूर्वेकडच्या झुडपांची रेघ मात्र
खांद्यापाशी किंचित घसरलेली.
फोटोत ती हिरवीगार होती.

तिनं आईला स्क्रीनसमोर बसवलं.
ओटिलीनं रेघेवरून बोट फिरवलं,
आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवतो तसं,
आणि कोऱ्या जागेपाशी थांबली.
"इथं तुटलंय."
"वाफेनं खाल्लं ते."
"हं. आमच्याकडं धुकं खातं."
घसरलेल्या खांद्याबद्दल ती काही बोलली नाही.
ते तिनं मघाच सांगितलं होतं, चार दिवसांपूर्वी.

नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात,
जिथं फक्त ढग आणि वारा लिहायचा असतो,
फ्रेडेरिकानं लिहिलं:
१०:३७, चौकोनात एक व्यक्ती.
मोठ्यानं वाचून दाखवलं.

ओटिली थोडा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली,
"आणि गाढव?"